जुनी डिझेल गाडी पाणी पिते, गळती मात्र कुठेच दिसत नाही

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची, १.४ लिटर कॉमन रेल डिझेल, टर्बोवाली. रनिंग १ लाख ६० हजारांच्या पुढे. राहायला कराडला आणि कामासाठी आठवड्यातून एकदा पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट करत चिपळूणला जाऊन येतो. दिवाळीपासून कूलंटच्या डब्यातली पातळी उतरते आहे. गाडी एकाच सपाट जागी लावून, सकाळी थंड इंजिनावर डब्याला मार्करची रेघ मारतो आणि त्यावरूनच मोजतो. चिपळूणची फेरी झाली की जवळपास पाव लिटर कमी. गावातल्या गावात फिरलं तर पातळी फारशी हलत नाही.

आतापर्यंत जे पाहिलं ते असं. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरला, सकाळी कोरडा. होज पाईप, क्लिपा, रेडिएटरच्या कडा, कुठेही हाताला ओल नाही. तापमानाचा काटा घाटातही मध्यावरच असतो. ऑईलच्या पट्टीवर ऑईल काळंच आहे, दुधाळ नाही. ऑईल भरायच्या झाकणाला आतून मात्र थोडा पांढरट थर आहे. सकाळी सुरू करताना मिनिटभर पांढरा धूर येतो, त्याला किंचित गोडसर वास आहे. घाट चढून वर थांबलं की रेडिएटरचा वरचा होज कडक लागतो आणि डब्यात बुडबुडे दिसतात.

दोन गॅरेजमध्ये दाखवली. दोन्हीकडे बॉनेट उघडून बघितलं आणि एकच निकाल दिला: "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवायला लागेल." गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. खर्च पस्तीस ते चाळीस हजार. गाडी वडिलांनी घेतलेली आहे आणि मला ती चालवायचीच आहे, त्यामुळे खर्चाची तयारी आहे. पण नेमकं कारण कळल्याशिवाय इंजिन उघडू द्यायचं नाही, असं ठरवलंय. हेड न उतरवता खात्री कशी करायची?

दर्यावर्दी

गॅस्केटच. बुडबुडे, कडक होज, पांढरा धूर, अजून काय पुरावा हवा? माझ्या आधीच्या डिझेलला हुबेहूब हेच होतं. उशीर करू नका, कुंभार्लीत रात्री अडकलात तर टोईंगला पण कोणी लवकर येत नाही.

तेराचा पाना

कोयनाकाठ, तुम्ही रेघ मारून मोजताय हे फार चांगलं केलंत. निम्म्या लोकांचं कूलंट कमी झालेलंच नसतं. गरम इंजिनावर मॅक्सपर्यंत भरतात, थंड झालं की खाली जातं. किंवा मॅक्सच्या वर भरतात, जास्तीचं झाकणातून निघून जातं आणि पातळी एका ठिकाणी येऊन थांबते. तुमचं तसं नाही, हे नक्की.

सांगलीला आमचं गॅरेज आहे, दोन पिढ्यांचं. आमच्याकडे प्रेशर टेस्ट केल्याशिवाय हेडला पाना लावत नाही. डब्याच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर जेवढे बार लिहिलेत तेवढाच दाब भरायचा, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि अर्धा तास घड्याळावरचा काटा बघत बसायचं. झाकण सुद्धा वेगळं तपासायचं. त्यात स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह असतात. स्प्रिंग मेली की घाटात वाफ निघून जाते आणि थेंब खाली पडतच नाही. नवं झाकण काही शे रुपयांत येतं आणि लोक ते बदलायच्या आधी हेड उतरवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दाब उतरला आणि बाहेर ओल दिसली तर सोपं. वॉटर बॉडीला, म्हणजे पाण्याच्या पंपाला, खालून एक बारीक भोक असतं. सील गेलं की तिथून पाझरतं आणि गरम इंजिनावर वाळून पांढरा किंवा हिरवट डाग राहतो. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर असेल तर कव्हर काढल्याशिवाय ते दिसायचं नाही. रेडिएटर बघताना एसीच्या कंडेन्सरच्या मागची बाजू टॉर्च मारून बघा. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे दाबून बसवलेली असते ती कड पहिली गळते. शिवाय डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचलून खालचा फोम दाबा. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत हीटरच्या जाळीतून पाणी सतत फिरत असतं. ती गळली तर फोम चिकट होतो आणि काचेवर तेलकट धुकं धरतं. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं.

एक प्रश्न. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत वरचा होज कडक होतो का? याचं उत्तर नीट बघून द्या.

रानवाट

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या रेडिएटरला हळद टाकतात, गळती थांबते. करून बघायला काय हरकत आहे? नाहीतर बाजारात लीक बंद करायची पावडर मिळतेच.

अबोली

रानवाट, हरकत आहे. हळद असो की पावडर, ती भोक कुठे आहे आणि बारीक नळी कुठे आहे हे ओळखत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या तांब्याच्या रेडिएटरचे रस्ते मोठे होते, त्यात चालून जायचं. आताच्या हीटरच्या आणि ऑईल कूलरच्या नळ्या अरुंद असतात, त्या आधी बुजतात. वर पुढच्या तपासणीत काहीच धड दिसत नाही. शेतात अडकलात आणि घरी पोचायचंच आहे, तर गोष्ट वेगळी.

आता मूळ प्रश्न. मी चाकणला इंजिन कूलिंगच्या टेस्टिंगमध्ये काम करते. कोयनाकाठ यांनी दिलेली लक्षणं हेड गॅस्केटची असू शकतात, पण डिझेलमध्ये आणखी एक भाग अगदी हीच लक्षणं दाखवतो आणि त्याचं नाव दोन्ही गॅरेजनी काढलेलं दिसत नाही: ईजीआर कूलर.

ईजीआर म्हणजे जळलेल्या वायूचा काही भाग परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, पाठवायचा, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साईड कमी होतात. हा वायू काहीशे अंश गरम असतो, म्हणून तो आधी एका छोट्या कूलरमधून नेतात. कूलरमध्ये स्टीलच्या पातळ नळ्यांतून वायू जातो आणि भोवती तुमचं कूलंट फिरतं. गरम-थंड होऊन होऊन नळीच्या जोडाला केसासारखी चीर पडते. मग दोन गोष्टी घडतात. गाडी बंद केली की आतला दाब कूलंटला त्या चिरेतून वायूच्या बाजूला ढकलतो. सकाळी त्याचीच वाफ होऊन पांढरा धूर येतो. खाली थेंब पडायचा प्रश्नच नाही. आणि घाटात, पूर्ण लोडवर, टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब एक बारच्या वर जाऊ शकतो. ईजीआरचा व्हॉल्व्ह कूलरनंतर, इनटेकच्या बाजूला बसवलेला असेल तर तो सगळा दाब कूलरवर येतो आणि वायू उलटा कूलंटमध्ये घुसतो. डब्यात बुडबुडे, होज कडक.

म्हणजे बुडबुडे दिसले हा हेड गॅस्केटचा पुरावा होत नाही. निळ्या द्रवाची टेस्टसुद्धा इथे फसवते. डब्यातली हवा त्या द्रवातून ओढतात आणि कार्बन डायऑक्साईड असेल तर रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवा. पण ईजीआर कूलरमधून आलेला वायू हा एक्झॉस्टच आहे, त्यानेही रंग बदलणारच. उलट डिझेल आयडलिंगला खूप जास्त हवेवर चालतं, त्यात कार्बन डायऑक्साईड कमी असतो, त्यामुळे गॅस्केट गेलेलं असूनही रंग तसाच राहू शकतो.

तेराचा पाना यांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. सिलिंडरमधला दाब पहिल्या स्ट्रोकपासून पंचवीस-तीस बारच्या घरात असतो. तिथून गळत असेल तर थंड इंजिनातही होज लगेच फुगायला लागतो. ईजीआर कूलरमधून आयडलिंगला तेवढा दाब येतच नाही.

निवांत प्रवासी

अबोलीताई, २०१० ची कराड पासिंग गाडी म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-३ नियमातली असणार ना? तिला ईजीआर कूलर असतो का?

अबोली

असू शकतो. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये फक्त १३ शहरांत आलं. आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती. सगळ्या देशात लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. पण नियमावरून अंदाज करू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून इनटेककडे जाणारा स्टीलचा पाईप शोधा. त्यावर फुगीर स्टीलचा डबा आणि त्याला दोन रबरी होज जोडलेले दिसले, तर कूलर आहे.

मुसाफिर७४

काट्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काटा मध्यावर आहे यावर विसंबून राहू नका. बऱ्याच गाड्यांत काटा ७५-८० अंशांपासून १०५-११० पर्यंत मुद्दाम एकाच जागी धरून ठेवलेला असतो, म्हणजे ड्रायव्हर उगाच घाबरू नये. दुसरं त्याहून वाईट. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपून तो हवेत उघडा पडला की काटा वर जाण्याऐवजी खालीसुद्धा येतो. खंबाटकी चढताना आमच्या एका नातेवाइकांचा काटा असाच खाली आला. त्यांना वाटलं इंजिन थंड होतंय. वर पोचेपर्यंत इंजिन जाम झालं. चालत्या गाडीत काटा अचानक खाली आला किंवा ब्लोअर हीटरवर ठेवूनही गार हवा आली, तर त्याच क्षणी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

आणि गरम झाकणाला हात लावू नका, कापड धरूनही नाही. एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. आज सकाळी बघितलं. थंड इंजिन सुरू केलं, पाच मिनिटं आयडलिंगला ठेवलं, वरचा होज मऊच. फोम कोरडा. स्टीलचा डबा आणि दोन होज दिसले, म्हणजे ईजीआर कूलर आहे. नवीन झाकण लावून चिपळूणची फेरी केली, तरी पाणी कमी झालंच. आता तिसऱ्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करायला तयार झालेत. ऑईलच्या झाकणाच्या थरावर कोणी बोललं नाही, तो कशाचा?

तेराचा पाना

तो बहुतेक दमटपणाचा. थोडं थोडं गावातलं फिरणं असलं की ऑईल पूर्ण तापत नाही आणि वाफ वरच्या गार झाकणाला धरते. पावसाळ्यात तर हमखास. पट्टीवरचं ऑईल बघायचं. शंका असेल तर पट्टीवरचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे, नुसता धुरावला तर नाही.

कोयनाकाठ

प्रेशर टेस्ट झाली. झाकणावर १.२ बार लिहिलंय, तेवढं भरलं. अर्ध्या तासात ०.९ वर आलं. बाहेर एक थेंब नाही, पंपाचं कव्हर काढून बघितलं, तेही कोरडं. मेकॅनिक म्हणतो, आत जातंय म्हणजे हेडच.

तेराचा पाना

आत जातंय हे आता ठरलं. कुठल्या आत, हे अजून ठरायचंय. त्यांना सांगा, ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारे प्लग, काढा. पण घाई नको. जुने ग्लो प्लग हेडमध्ये जाम होतात आणि जोर केला की तुटतात, मग मात्र हेड खरंच उतरवावं लागतं. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, इंजिन गरम असताना हळूहळू सैल करा, परत हलके बसवा. मग पूर्ण थंड होऊ द्या, प्रेशर भरून रात्रभर ठेवा, उतरलं तर मध्ये एकदा परत भरा. सकाळी चारही प्लग काढून, डिझेल फवारणाऱ्या नोझलचे कनेक्टर काढून, फक्त स्टार्टर मारा. समोर उभं राहू नका. ज्या सिलिंडरमध्ये पाणी गेलंय त्याच्या भोकातून फवारा येईल. तेव्हाच कॉम्प्रेशनही मोजून घ्या.

अबोली

यात एक भर. प्रेशर भरून ठेवलेल्या रात्रीनंतर प्लग न काढता इंजिन कोणीही सुरू करू नये, घरच्यांनाही सांगून ठेवा. १.४ लिटरचं चार सिलिंडर इंजिन म्हणजे एका सिलिंडरचे ३५० मिली. कॉम्प्रेशनचं प्रमाण १८ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा जेमतेम २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. तेवढं पाणी सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टनला वर यायला जागाच नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सिलिंडर कोरडे निघाले तर ईजीआर कूलर काढून बाहेर तपासा. पाण्याच्या बाजूचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून दीड बारपर्यंत हवा द्यायची आणि गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचा. गार पाण्यात काही चिरा मिटलेल्या राहतात.

कोयनाकाठ

निकाल सांगतो. चारही सिलिंडर कोरडे. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी २७ ते २८ बार. मेकॅनिकने स्वतःहून कूलर उतरवला. वायूच्या तोंडाशी काजळी ओली, चिकट, बाकी पाईपमध्ये मात्र कोरडी भुकटी. बादलीत आधी काहीच आलं नाही, पाणी अजून गरम केल्यावर एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची रेघ सुरू झाली. हेडला हात लावायची गरजच नव्हती.

आता नवा प्रश्न. नवा कूलर मागवण्याऐवजी ईजीआरला पत्रा लावून बंद करा आणि दोन्ही होज एकमेकांना जोडा, असं सुचवताहेत. "पीयूसी आरामात निघते, मायलेज वाढतं" म्हणतात.

दर्यावर्दी

अभिनंदन! चाळीस हजार वाचले. आमच्या गाडीचं हेड खरंच वाकलेलं होतं, पण तपासणी मात्र यातली एकही झाली नव्हती. पत्रा बरेच जण लावतात, मला त्यात वावगं वाटत नाही.

अबोली

मला वाटतं. होज जोडून पातळी उतरायची थांबते का हे बघायला दोन-चार दिवस ठीक, तपासणीचा भाग म्हणून. कायमचं नको. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साईड मोजतच नाहीत. त्यामुळे पीयूसी निघणार, आणि हवेत जायचं ते जाणारच. रोज शाळेच्या रस्त्यावरून जाणारी गाडी असते ही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. तुम्ही खर्चाला तयार आहात असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तर नवा कूलर बसवा.

तेराचा पाना

ताईंशी सहमत. आणि कूलर का गेला तेही शोधा. जुन्या कूलरच्या पाण्याच्या बाजूला पांढरे क्षार आहेत का? आपल्या भागात बोअरचं पाणी भरायची फार सवय. क्षार बसले की नळ्यांना गारवा मिळत नाही आणि त्या तडकतात. आता सगळी सिस्टिम डिस्टिल्ड वॉटरने धुऊन घ्या, निवळ पाणी येईपर्यंत. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल याला काही एक नियम नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बाटलीवर आहे का ते बघा. दोन प्रकार मिसळू नका.

भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचे स्क्रू असतील तर सैल. बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरा. हवा अडकली तर नवा कूलरसुद्धा कोरडा राहून पुन्हा तडकेल.

कोयनाकाठ

जुन्या कूलरमध्ये पांढरा जाड थर होता, तुम्ही म्हणालात तसाच. नवा कूलर, दोन्ही गॅस्केट, कूलंट आणि मजुरी धरून हेडच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. त्यानंतर चिपळूणच्या फेऱ्या चालू आहेत, कुंभार्ली चढून वर थांबल्यावर होज हाताने दबतो, रेघ जिथल्या तिथे. सकाळचा धूर बंद. त्या मेकॅनिकने आता स्वतःचा प्रेशर पंप मागवलाय. जुनं कूलंट कुठे टाकायचं? गटारात ओतणार होते, मी कॅनमध्ये भरून घरी आणलंय.

मुसाफिर७४

छान केलंत. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. थोडंसंही पुरतं. कॅनवर विष असं मोठ्या अक्षरांत लिहा, झाकण घट्ट, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी. मोठ्या सर्व्हिस सेंटरवाले जुन्या ऑईलबरोबर घेतात का विचारा.

गुलमोहर

धागा वाचून विचारतेय. आमच्या २०१२ च्या डिझेलमध्ये उलटं आहे. पाणी कमी होत नाही, पण डब्यात कॉफीच्या रंगाची साय धरलीय आणि ऑईल मात्र कमी होतंय. हेड गॅस्केट म्हणताहेत.

तेराचा पाना

गुलमोहर ताई, आधी ऑईल फिल्टरच्या मागे बसवलेला ऑईल कूलर काढून हवेच्या दाबाने तपासायला सांगा. चालू इंजिनात ऑईलचा दाब तीन-चार बार, पाण्याचा एक. आतली भिंत फुटली की ऑईल पाण्यात शिरतं. तोपर्यंत गाडी चालवू नका, कारण बंद केल्यावर ऑईलचा दाब शून्य होतो, पाण्याचा राहतो, आणि मग पाणी ऑईलमध्ये जाऊन बेअरिंग खातं. पट्टीवरचं ऑईल आजच बघून इथे लिहा.